पंढरपूर : नदीकडून वाचायचे गाव

पंढरपूरला आपण बहुतेक जण मागच्या बाजूने शिरतो. सोलापूर-मोहोळकडून येणारी गाडी भीमेचा पूल क्षणात ओलांडते. एस.टी. स्थानक, रेल्वे स्टेशन दोन्ही मंदिराच्या पाठीला. गावाचे तोंड मात्र पूर्वेला, नदीकडे आहे. विठ्ठल मंदिराचे महाद्वार पूर्वाभिमुख. तिथे नामदेव पायरी, पुढे उतरत जाणारी वाट, महाद्वार घाट आणि वाळवंटातले पुंडलिकाचे मंदिर. आधी स्नान, मग पुंडलिक, मग विठ्ठल, हा वारकऱ्यांचा क्रम गावाच्या बांधणीतच उतरला आहे.

म्हणून अभ्यासकाने पंढरपूर एकदा तरी होडीतून पाहावे, असे मी आग्रहाने सांगतो. काशीचे घाट गंगेतून पाहावे लागतात, तसेच हे. पात्र इथे चंद्रकोरीसारखे वळते, म्हणून भीमेची चंद्रभागा झाली. त्या वळणामुळे घाट एकामागून एक समोर येतात. गल्लीतून केवळ दरवाजा दिसणारा होळकर वाडा नदीतून किल्ल्यासारखा उभा दिसतो. पूर सोसायचा म्हणून ही बाजू उंच आणि दगडी. मोठ्या पुरात पुंडलिकाच्या मंदिराचे केवळ शिखर वर राहते.

होडी दक्षिणेला विष्णुपदापर्यंत जाते. मार्गशीर्षात देवाचा मुक्काम तिथे असतो, या श्रद्धेने लोक वनभोजनाला जातात. वल्ही कोळी बांधवांच्या हातात, आणि पुंडलिकाच्या पूजेचा मानही परंपरेने महादेव कोळी समाजाकडे. नदी, नाव आणि देव यांचे नाते असे एकाच समाजात टिकले आहे.

मात्र या होडीला पाणी हवे, आणि ते आता केवळ पावसाच्या हाती नाही. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या, सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या उजनी धरणातून पाणी सुटते तेव्हा चंद्रभागा भरते. एरवी पात्रात डबकी राहतात.

सध्या मंदिर परिसराच्या कॉरिडॉरची चर्चा आहे. वारीत लाखोंची गर्दी होते, तेव्हा रस्ते किती रुंद हवेत हा प्रश्न रास्तच. पण कोणता वाडा ठेवायचा, कोणती भिंत पाडायची, हे ठरवणाऱ्यांनी आधी होडीत बसावे. रस्त्यावरून जी भिंत अडचण वाटते, ती नदीतून गावाचा चेहरा असू शकते.