सुहूर सन : जुन्या कागदांतील वर्ष वाचण्याची रीत

करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या धंद्यासाठी आणि पुणे-सोलापूर लोहमार्गावरील स्थानकासाठी ओळखले जाते. अशा जुन्या वस्तीच्या गावांतून पाटील, कुलकर्णी, देशमुख किंवा देवस्थानाचे पुजारी यांच्या घराण्यांकडे मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली दप्तरे, आढळतात. मराठा आरक्षणाच्या संदर्भात कुणबी नोंदींचा शोध 2023 मध्ये सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना मागणी वाढली आहे. मात्र मोडी अक्षर लागू लागल्यावरही वाचक हमखास एका ठिकाणी अडतो, आणि ते ठिकाण म्हणजे कागदाच्या मित्तीतील, म्हणजे तारखेच्या ओळीतील, ‘सु॥ सन इहिदे सितैन मया व अलफ’ यासारखा मजकूर. हा मजकूर म्हणजे अंकांऐवजी शब्दांत लिहिलेले वर्ष असून वीस-बावीस शब्द आणि साधी बेरीज एवढ्या सामग्रीवर ते वाचता येते.

‘सु॥’ हा सुहूर या नावाचा संक्षेप आहे. शुहूर सन, अरबी सन, सुरसन आणि मृगसाल ही याच कालगणनेची अन्य नावे होत. मुसलमानी राजवटीतील हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे ते सुमारे 354 दिवसांत संपते आणि दर वर्षी ऋतूंच्या मागे जवळजवळ अकरा दिवसांनी सरकते. सारा पिकावर वसूल होतो आणि पीक सूर्याच्या गतीने येते, त्यामुळे महसुलाच्या हिशेबाला असे सरकते वर्ष उपयोगी पडत नसे. यावर तोड म्हणून हिजरी 745, म्हणजे इसवी सन 1344, या वर्षाचा आकडा तसाच ठेवून पुढील वर्षे सौर मानाने मोजण्यात आली आणि सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तो दिवस वर्षारंभ ठरला. बहमनी, निजामशाही आणि आदिलशाही दफ्तरांतून ही गणना मराठ्यांच्या कारभारात आली. 1344 मध्ये दोन्ही सनांचा आकडा एकच होता, परंतु 1674 च्या जूनमध्ये हिजरी 1085 चालू असताना सुहूर सन 1075 होता, कारण मधल्या 330 सौर वर्षांत 340 चांद्र वर्षे उलटून गेली होती.

सुहूर सनाचे शब्द मूळ अरबी संख्यावाचक असून मराठी लेखणीत त्यांची रूपे थोडीफार बदलली आहेत. एक ते नऊ या संख्यांसाठी अनुक्रमे इहिदे, इसन्ने, सल्लास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान आणि तिसा हे शब्द येतात. दहाला अशर, विसाला अशरीन, तिसाला सल्लासीन, चाळिसाला अर्बैन, पन्नासाला खमसैन, साठाला सितैन, सत्तराला सबैन, ऐंशीला समानीन आणि नव्वदाला तिसैन म्हणतात. शंभरासाठी मया, दोनशेसाठी मयातैन आणि हजारासाठी अलफ हे शब्द आहेत. सबा म्हणजे सात आणि सबैन म्हणजे सत्तर, त्याचप्रमाणे समान म्हणजे आठ आणि समानीन म्हणजे ऐंशी, हे ध्यानात ठेवले की बहुतेक घोटाळे टळतात, कारण वीस व त्यापुढील दहकांचे शब्द ‘ईन’ किंवा ‘ऐन’ अशा उच्चाराने संपतात आणि एककांचे तसे संपत नाहीत. घाईच्या मोडी लेखनात शेवटचे अक्षर पुसट असेल तर मात्र सात आणि सत्तर यांतील निवड शब्दाच्या जागेवरून करावी लागते. एकक आधी, दहक नंतर, मग शतक आणि शेवटी सहस्र असा क्रम लेखक पाळतात, म्हणजे हा क्रम आकड्यांत लिहिण्याच्या आजच्या पद्धतीच्या नेमका उलटा असतो.

या पद्धतीचा स्वभाव पाचवीच्या गणितात शिकवल्या जाणाऱ्या रोमन संख्याचिन्हांशी तुलना केल्यास लवकर उमगतो. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावर राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या आगमनाचे वर्ष एम, सी, एम, एक्स, आय अशा पाच रोमन अक्षरांत कोरलेले आहे. पहिला एम हजाराचा, त्यापुढील सी आणि एम मिळून हजारातून शंभर वजा जाता उरणाऱ्या नऊशेचे, एक्स दहाचा आणि आय एकाचा, असे ते 1911 होते. दोन्ही पद्धतींत प्रत्येक चिन्हाला किंवा शब्दाला स्वतःचे ठरलेले मूल्य असते, स्थानावरून किंमत बदलत नाही आणि शून्याची गरज पडत नाही. फरक इतकाच की रोमन पद्धतीत लहान चिन्ह मोठ्याच्या आधी आले तर वजाबाकी करावी लागते, तर सुहूर सनात लहान संख्या नेहमीच आधी येते आणि तरीही केवळ बेरीजच होते. एकोणीस म्हणजे ‘तिसा अशर’, नऊ आणि दहा, यापलीकडे त्यात काही नाही.

आरंभी दिलेल्या मजकुराचा उलगडा आता सहज होतो. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर आणि अलफ हजार, म्हणून वर्ष 1161. ‘व’ हे केवळ उभयान्वयी अव्यय असून कधी ते लिहिलेले असते, कधी नसते. शब्द पाहताच शतक ओळखण्याचीही एक सोय आहे. अलफ असून मया नसेल तर कागद साधारणपणे इसवी सनाच्या सतराव्या शतकातील, एकटा मया असेल तर अठराव्या शतकातील आणि मयातैन असेल तर 1799 च्या जूननंतरचा समजावा.

बेरजेनंतरची पायरी इसवी सन काढण्याची असून चूक बहुधा तेथे होते. सुहूर वर्ष जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होऊन पुढील वर्षीच्या त्याच सुमारास संपते, म्हणून ते इसवी सनाच्या दोन वर्षांवर पसरलेले असते. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदासाठी 599 आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतच्या कागदासाठी 600 मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक 6 जून 1674 रोजी, म्हणजे मृगानंतर काही दिवसांनी झाला. त्या वर्षाच्या पत्रांवर ‘खमस सबैन अलफ’, अर्थात 1075, येते आणि 599 मिळवल्यावर 1674 मिळते. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली, तेव्हा 1161 हे वर्ष चालू होते आणि तेथे 600 मिळवावे लागतात. 599 मिळवणारा ही लढाई एक वर्ष आधी नेऊन ठेवील. सोलापूर जिल्ह्यातील आष्टी येथे फेब्रुवारी 1818 मध्ये पेशव्यांचे सेनापती बापू गोखले लढाईत पडले, ते ‘समान अशर मयातैन व अलफ’ या वर्षात. आठ, दहा, दोनशे आणि हजार यांची बेरीज 1218 होते, आणि महिना फेब्रुवारी असल्याने 600 मिळवून 1818 येते.

कागद वर्षाच्या कोणत्या भागातील आहे हे कळण्यासाठी मित्तीतील महिना पाहावा लागतो. ‘छ’ या अक्षरानंतर येणारा आकडा हा मुसलमानी चांद्र महिन्याची तारीख दर्शवतो आणि त्यापुढे मोहरम, सफर, रबिलावल, जमादिलाखर, रजब असे महिन्याचे नाव येते. वर्ष सौर आणि महिना चांद्र अशी ही मिश्र मित्ती असल्याने तोच महिना दरसाल वेगळ्या ऋतूत पडतो. पानिपतच्या वेळी जमादिलाखर जानेवारीत होता, म्हणून तो नेहमीच जानेवारीत असेल असे नाही. यासाठी जंत्रीचा, म्हणजे निरनिराळ्या सनांच्या तारखा शेजारी शेजारी मांडलेल्या कोष्टकाचा, आधार घ्यावा लागतो. बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री आणि शिवकाळासाठी ग. स. खरे यांची शकावली ही या कामातील परिचित साधने होत.

जुन्या कागदांत सुहूर सनाच्या जोडीला फसली सनही आढळतो. दख्खनी फसली सनाचा आकडा सुहूरपेक्षा नऊने अधिक असतो, त्यामुळे दोन्ही वर्षे दिलेली असल्यास एकावरून दुसरे पडताळता येते. सुहूर 1218 म्हणजे फसली 1227. शालिवाहन शक दिला असेल तर त्यात 78 किंवा 79 मिळवून तिसरी खूणही मिळते. या खुणा एकमेकींशी जुळत नसतील तर वाचनात चूक आहे, नक्कल करणाऱ्याच्या हातून काही सुटले आहे किंवा कागदच मागाहून तयार केलेला आहे, अशा तिन्ही शक्यता तपासाव्या लागतात. वतनाच्या आणि इनामाच्या वादांत खोटे कागद पुढे येत असत, म्हणून ही पडताळणी संशोधकाप्रमाणेच घरच्या माणसालाही आवश्यक आहे.

रुमाल उघडणाऱ्याने प्रथम मित्तीची ओळ शोधावी, तिचे शब्द सुटे करून बेरीज मांडावी, महिन्यावरून 599 की 600 ते ठरवावे आणि आलेली तारीख मूळ कागदावर न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर टिपून ठेवावी. जीर्ण कागदाला चिकटपट्टी लावू नये किंवा त्याचे लॅमिनेशन करू नये. स्पष्ट छायाचित्र घेऊन ते मोडीच्या जाणकाराला दाखवावे. ज्या कागदाचे वर्ष निश्चित झालेले नाही, त्यावरून घराण्याचा किंवा गावाचा इतिहास सांगू नये.