स्कूपमधली ताकद

"स्कूप मारला की एनर्जी येते, भाऊ." धरमपेठ असो की महाल, नागपूरच्या जिममध्ये हे ऐकायला मिळतंच. पण एनर्जी म्हणजे इंधन असेल, तर प्री-वर्कआउट पावडरच्या स्कूपमधल्या कॅफिनमध्ये ते नसतंच. बार उचलायचं इंधन दुपारच्या वरणभात-पोळीतून येतं आणि ग्लायकोजेन बनून स्नायूंत साठतं. कॅफिनचं काम निराळं. दिवसभर मेंदूत अॅडेनोसिन साचतं आणि ते ठरलेल्या जागांवर बसलं की थकवा जाणवतो. कॅफिन त्या जागा अडवतं, एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तशा. प्रवासी मात्र उतरलेले नसतात. रुमाल उचलला की सगळे एकदम बसतात. स्कूपचा असर ओसरल्यावर अंग गळतं ते यामुळेच.

मग ताकद वाढतच नाही? वाढते, पण थोडी. शरीराच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिन व्यायामाच्या साधारण तासभर आधी घेतलं, तर शेवटच्या सेटमध्ये एखाद-दुसरा रेप जास्त निघू शकतो. एका रेपच्या कमाल वजनातला फरक मात्र जेमतेम काही टक्क्यांचा. ७० किलोच्या माणसासाठी हा हिशेब २१० मिलिग्रॅमपासून सुरू होतो, म्हणजे कडक कॉफीचे दोन-अडीच कप. त्यासाठी महागडा डबाच हवा असं नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनेही २००४ मध्ये कॅफिन बंदीच्या यादीतून काढलं.

कानाला, मानेला मुंग्या आल्या की "माल असली आहे" म्हणतात. त्या मुंग्या स्कूपमधल्याच बीटा-अॅलानिन या घटकाच्या. ते उत्तेजक नाहीच. त्वचेतल्या मज्जातंतूंना ते चाळवतं, एवढंच. त्याचा काही उपयोग व्हायचा तर रोज घेऊन कित्येक आठवडे जावे लागतात, आणि तोही मिनिटभराहून लांबलेल्या कष्टात.

नवतपात पारा ४५ च्या पुढे गेला की नागपूरकर रात्री आठ-नऊला जिम गाठतात. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात. आठला ३०० मिलिग्रॅमचा स्कूप घेतला, तर एक वाजता १५० उरलेलं. स्नायू भरून निघतात ते झोपेत, आणि आपण छताच्या पंख्याकडे बघत पडलेलो. कॅफिनने अंगातलं पाणी आटतं, ही भीती मात्र फाजील आहे. चहा-कॉफीची सवय असलेल्यांना बेताच्या मात्रेत तसं होत नाही. उन्हाळ्यात खरा ताण हृदयावर. उकाड्याने आधीच वाढलेल्या ठोक्यांत स्कूप भर घालतो.

याहून मोठा घोळ मेफेंटरमाइनच्या इंजेक्शनचा. "तेही प्री-वर्कआउटच" असं सांगून ते जिममध्ये विकलं जातं, आणि महाराष्ट्रात त्यावर छापेही पडले आहेत. ते सप्लिमेंट नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारं औषध आहे. पाठीत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला, तर तो वर आणायला वापरतात. त्याने स्नायू तयार होत नाहीत. छाती धडधडते, झोप उडते, सवय लागते, काहींना भास होऊ लागतात. स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी आहे. भूलतज्ज्ञ ते देतो तेव्हा रुग्णाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला असतो.