विहार नकाशावर आणायचे, पण कोणत्या चित्रावरून?

कारंजा लाडमधील बुद्धविहार आणि वस्त्या नकाशावर दिसाव्यात, असे अनेक तरुण कार्यकर्ते आम्हाला सांगतात. "गुगलवर बघून ओपनस्ट्रीटमॅपवर टाकले तर चालेल ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. चालणार नाही.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला, स्वयंसेवकांनी घडवलेला मुक्त नकाशा. श्रेय देऊन आणि त्याच्या अटी पाळून त्यातील माहिती कोणीही, अगदी धंद्यासाठीसुद्धा, फुकट वापरू शकतो. म्हणूनच त्यातली प्रत्येक रेघ रीतसर मार्गाने आलेली लागते. उपग्रहातून किंवा विमानातून घेतलेले छायाचित्र कोणाच्या तरी मालकीचे असते. ते मोबाइलवर फुकट पाहता येते, म्हणून त्यावरून नकाशा काढायची मुभा मिळत नाही. गुगलने ती दिलेली नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या बिंगच्या चित्रांसाठी २०१० मध्ये दिली, पुढे एस्री कंपनीनेही दिली. नकाशा संपादित करताना मागे जी चित्रे निवडता येतात, ती अशी परवानगी असलेलीच. त्यांवरून रेघा काढा. मात्र चित्रच उतरवून पत्रकावर छापू नका, त्याची परवानगी वेगळी. गुगलवरून उतरवलेले काम लक्षात आले की काढून टाकले जाते. महिनाभराची मेहनत एका दिवसात जाते.

परवान्याचे चित्रही सगळे सांगत नाही. 'शकुंतला' रेल्वेचा मार्ग वरून बारीक रेघेसारखा दिसतो; गाडी बंद आहे, हे चित्रात दिसत नाही. विहाराचे तर नुसते छप्पर दिसते, टिनाचे नाहीतर स्लॅबचे. ते गोदामही असू शकते.

आणि नाव? डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. जुन्या कागदावरून नाव उचलले, तर पुसायला निघालेला तोच 'वाडा' आपल्याच हाताने नव्या नकाशावर चढतो. त्यामुळे वस्तीत जावे, लोकांना विचारावे, पाटी पाहावी, मोबाइलचे जीपीएस लावून विहाराच्या दारात उभे राहावे. चित्र बरेच सरकलेले असेल तर तेही तिथेच कळते.

काम जतन करताना स्रोत म्हणून 'बिंग' आणि 'प्रत्यक्ष पाहणी' असे दोन्ही लिहावे. विहाराला प्रार्थनास्थळ आणि बौद्ध हे दोन टॅग आठवणीने लावावेत, नाहीतर नकाशावर एक बिननावाची चौकट तेवढी उरते.