लॉगिन मिळण्याआधी

ज्ञानगंगोत्री, गंगापूर धरणाजवळ, गोवर्धन, नाशिक ४२२ २२२. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा हा पत्ता राज्यातल्या लाखो घरांत गुणपत्रिका आणि पदवीच्या कागदांसोबत पोचलेला आहे. त्या घरांतल्या बहुतेकांनी हा परिसर मात्र कधी पाहिलेला नाही. पाहण्याची वेळच येऊ नये, अशीच या विद्यापीठाची रचना आहे. १९८९ साली राज्याच्या स्वतंत्र कायद्याने ते स्थापन झालं, डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू झाले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद ठरलं. ज्यांचं नाव विद्यापीठाला दिलं, ते यशवंतराव १९६३ मध्ये नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते. शिक्षण सुटलेली गृहिणी, रात्रपाळीचा कामगार, बंदोबस्तावरचा पोलीस शिपाई यांना घर आणि नोकरी न सोडता शिकता यावं, यासाठी हा सगळा खटाटोप.

अशा विद्यापीठात वर्ग भरलेले दिसत नाहीत. दिसतात ती ऑफिसं. प्रवेश, शुल्क, पुस्तकांची पाठवणी, परीक्षा, निकाल, पदवी, आणि त्यामागे वित्त, आस्थापना, भांडार. विद्यार्थ्याची विद्यापीठाशी गाठ पडते ती स्क्रीनवर, नाहीतर गावच्या अभ्यासकेंद्रातल्या खिडकीवर. म्हणून इथलं कामकाजाचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं की तो प्रश्न संगणक कक्षापुरता राहत नाही. फाटकच बदलायचं असतं, आणि तेही माणसांची ये-जा चालू असताना.

असे बदल महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना नवे नाहीत. जाड बांधणीची रजिस्टरं आणि लेजर गेली, संगणकावरच्या सुट्या याद्या आल्या. २००१ मध्ये राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, उभं राहिलं. विद्यापीठं त्यात भागधारक झाली. त्याच्या ‘डिजिटल युनिव्हर्सिटी’ने पीआरएन हा सोळा आकडी कायम नोंदणी क्रमांक घरोघर पोचवला. अनेक ऑफिसांतली माणसं आजही विद्यार्थ्याचं नाव विचारण्याआधी पीआरएन विचारतात. मग २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, २०२१ मध्ये श्रेयांकांची बँक आली, डिजिलॉकरशी जोडणी आणि विद्यार्थ्यांचे ‘अपार’ ओळखक्रमांक आले. जुन्या प्रणालींना हे सगळं पेलेना. दिल्ली विद्यापीठात तयार झालेली आणि केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या पाठबळावर चालणारी ‘समर्थ’ ही चाळीसहून अधिक मॉड्युलांची प्रणाली राज्यात शिरली. मुंबई विद्यापीठाची पदवीची प्रवेशपूर्व नोंदणी अलीकडे तिच्यावरच झाली. नावं बदलत राहतील. टेबलावर बसलेल्या माणसाला दर काही वर्षांनी हात नव्याने वळवावा लागणार, हे मात्र आता ठरलेलं आहे.

त्या माणसाची तयारी कशी करायची, याचा विचार आपल्याकडे फार उशिरा सुरू होतो. सॉफ्टवेअरची निविदा निघते, सादरीकरणं होतात, समित्या बसतात. शेवटच्या पंधरवड्यात एक परिपत्रक फिरतं: अमुक तारखेला सभागृहात प्रशिक्षण, सर्वांनी उपस्थित राहावे. दोनशे माणसं, एक पडदा, पुढे कुणीतरी भराभर क्लिक करत चाललेलं. चहा होतो, हजेरीपटावर सह्या होतात. सोमवारी माणूस आपल्या टेबलावर येतो आणि पहिल्याच अर्जाला अडकतो.

याची किंमत किती मोठी असू शकते, ते २०१७ मध्ये मुंबईने पाहिलं. उन्हाळी परीक्षा सुरू झालेल्या असताना मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायचं ठरवलं. सतरा लाखांच्या वर उत्तरपत्रिका, स्कॅनिंगचा गोंधळ, आणि हजारो प्राध्यापक असे की ज्यांनी ती स्क्रीन आधी कधी पाहिलीच नव्हती. राज्यपालांनी निकालांसाठी ३१ जुलैची मुदत दिली, ती उलटली. परदेशी जाणाऱ्या मुलांचे प्रवेश टांगणीला लागले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. स्क्रीनवर पेपर तपासणं ही कल्पना वाईट नव्हती. एकेक विद्याशाखा घेऊन ती टप्प्याटप्प्याने आणली असती, तर प्राध्यापकांचा हात बसला असता आणि चुका वेळीच कळल्या असत्या.

श्रीमंत विद्यापीठांनाही हे चुकलेलं नाही. केंब्रिजने ऑगस्ट २००० मध्ये ‘कॅप्सा’ नावाची नवी हिशेब प्रणाली सुरू केली. बिलं अडकली, विभागांना आपल्या खात्यात किती पैसे आहेत ते कळेना. पुढच्याच वर्षी विद्यापीठाने चौकशी करून घेतली, आणि तिच्या अहवालात अपुरं प्रशिक्षण आणि वापरणाऱ्यांशी न झालेली बोलणी हे मुद्दे ठळकपणे आले. पैसा होता, नामांकित कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. हिशेब लिहिणाऱ्यांना कुणी नीट विचारलं नव्हतं.

आमच्याकडे यावर एक उत्तर तयार असतं: कर्मचाऱ्यांची एमएससीआयटी झालेली आहे. वर्षानुवर्षं चालू असलेल्या या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमाचं मोल मी कमी लेखत नाही. गावोगावच्या केंद्रांत बसून लाखो लोकांनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो त्याच्यामुळे, आणि संगणक अर्हता नसेल तर वेतनवाढ अडते या नियमाने सरकारी बाबूंनाही शिकायला लावलं. पण एमएससीआयटी संगणक शिकवते. आपल्या टेबलाचं काम नव्या पद्धतीत कसं बसवायचं, हे तिच्या कक्षेत येत नाही. तो भाग ज्याचा त्याने, त्याच टेबलावर शिकायचा असतो.

एकच प्रकरण जवळून पाहू. मुक्त विद्यापीठात लग्नानंतर शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आहेत. अशा एका विद्यार्थिनीचा दहावीचा दाखला माहेरच्या नावाने असतो. प्रवेश सासरच्या नावाने घेतलेला. आधारवर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. जुन्या प्रणालीत संपूर्ण नावासाठी एकच लांब रकाना होता. आडनाव आधी की शेवटी, हे ज्याने भरलं त्याच्या मर्जीवर. वरिष्ठ लिपिक बाई फाईल उघडत, राजपत्रातली नावबदलाची नोंद पाहत, समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहीत आणि पुढे पाठवत. नव्या प्रणालीत प्रत्येक भागाला वेगळा रकाना असतो, तो आधारशी जुळवला जातो, आणि जुळला नाही की लाल अक्षरं येतात. समासातली पेन्सिल कुठे ठेवायची, हे स्क्रीन सांगत नाही.

प्रशिक्षणात जो नमुना दाखवतात, त्यात असं काही नसतं. त्यात एक आदर्श विद्यार्थी असतो: नाव सरळ, शुल्क वेळेवर, सगळे विषय पहिल्याच फटक्यात सुटलेले. असा विद्यार्थी टेबलावर फार वेळ राहतच नाही; त्याच्यासाठी प्रशिक्षणाचीही फारशी गरज नाही. म्हणून मला वाटतं, सरावाच्या प्रणालीत प्रत्येक टेबलाने आपापली सगळ्यात छळणारी प्रकरणं घेऊन बसावं. मध्येच पाच वर्षं गायब होऊन परत आलेला विद्यार्थी, विभागीय केंद्र बदललेला, दोनदा शुल्क भरलेला, जुन्या शिक्षणक्रमातला एक विषय राहिलेला. चुका करायला मोकळीक हवी आणि त्या चुकांनी कुणाचा निकाल बिघडता कामा नये, यासाठी खऱ्या माहितीपासून तोडलेली सरावाची जागा हवी. तिथे लिपिक जे प्रश्न विचारतो, त्यांतले निम्मे तरी सॉफ्टवेअरच्या उणिवा दाखवणारे निघतात. ते प्रश्न लिहून घेऊन बनवणाऱ्यांकडे परत पाठवले, तर प्रशिक्षणाने सॉफ्टवेअरही सुधारतं.

दुसरी गाठ साहेबांची. आपल्या कार्यालयात टिपणी लिपिकाकडून निघते, कक्ष अधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव अशा पायऱ्या चढते, प्रत्येक पायरीवर सही. नवी प्रणालीही हीच उतरंड मानते: एक भरणारा, दुसरा तपासणारा, तिसरा मंजुरी देणारा. पण प्रशिक्षणाला पाठवतात ते फक्त भरणाऱ्याला. मग घडतं असं की साहेबांचा पासवर्डही त्याच्याकडेच येतो, भरणारा आणि मंजुरी देणारा एकच होऊन बसतो, आणि तपासणीची सगळी व्यवस्था कागदावर राहते. ओटीपी साहेबांच्या मोबाईलवर जातो, साहेब बैठकीत असतात, खाली दाराशी लिपिक उभा. हे थांबवायचं असेल तर पहिल्या तुकडीत अधिकाऱ्यांनी स्वतः बसलं पाहिजे, आणि मंजुरीचं बटण स्वतःच्या हाताने दाबलं पाहिजे.

मुक्त विद्यापीठाची खरी कसोटी मात्र गोवर्धनच्या आवाराबाहेर आहे. नाशिकपासून नांदेड, अमरावती, नागपूरपर्यंत विभागीय केंद्रं, आणि त्यांच्याखाली तालुक्या-तालुक्यांत अभ्यासकेंद्रं. ही केंद्रं बहुधा एखाद्या महाविद्यालयात चालतात. केंद्रसंयोजक तिथला प्राध्यापक असतो, समंत्रक रविवारी येतात, आणि खिडकीवरचा माणूस त्या महाविद्यालयाच्या कामातून वेळ काढून हे काम करतो. तो विद्यापीठाचा पगारी नोकर नाही. त्याला परिपत्रक लागू होत नाही, वेतनवाढीचा बडगा चालत नाही. पण पेठ, सुरगाण्यासारख्या तालुक्यातल्या विद्यार्थ्यासाठी विद्यापीठ म्हणजे तोच, त्यालाच ‘भाऊसाहेब, माझा फॉर्म दिसत नाही’ म्हणून विचारतात. त्याची तयारी नाशिकच्या सभागृहात होणार नाही. तिला लागतं छापील चार पानांचं मराठी मार्गदर्शन, ज्यात नव्या पडद्यांची चित्रं आहेत. मोबाईलवर चालणारे छोटे व्हिडिओ, नेटवर्क गेलं तरी उघडणारे. आणि फोन उचलणारा, काम कळणारा एक माणूस. दूरच्या माणसाला घरबसल्या शिकवण्याचं कसब या विद्यापीठाने तीन दशकांहून जास्त काळ घडवलं आहे. स्वयंअध्ययनाची पुस्तकं लिहिणाऱ्या हातांनीच हे मार्गदर्शन लिहिलं, तर दुसऱ्या कुणाकडून ते आणायची गरज नाही.

नाशिकमध्येच, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ मध्ये सुरू झालेलं, राज्यभरची वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, परिचर्या महाविद्यालयं त्याला संलग्न. त्याच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका केंद्रांवर ऑनलाइन जातात आणि तिथेच छापल्या जातात. या कामात रंगीत तालीम टाळता येत नाही. इंटरनेट, प्रिंटर, कागद, जनरेटर, पासवर्ड उघडणारी माणसं, सगळं आधी एकदा खऱ्यासारखं करून पाहावं लागतं, कारण परीक्षेच्या सकाळी शिकायला वेळ नसतो. प्रवेशाच्या आणि हिशेबाच्या प्रणालींना ही सक्ती नसते, म्हणून तिथे तालीम राहून जाते.

दिवस निवडण्यातही जाण लागते. वित्त विभागात मार्च अखेर असताना नवी प्रणाली सुरू करू नये. प्रवेश जून ते ऑगस्टमध्ये भरात असतात, परीक्षांचे महिने वेगळेच. मधल्या रिकाम्या आठवड्यांत सुरुवात करावी आणि निदान एक पगार जुन्या-नव्या दोन्ही पद्धतींनी काढून ताळा बघावा. दुहेरी काम होतं, कर्मचारी कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर रास्त असते. त्या महिन्यांसाठी जादा माणसं किंवा जादा कामाचा मोबदला आधीच मंजूर करून ठेवावा.

आणखी एक गोष्ट आत्ताच करायला हवी. विद्यापीठाच्या पहिल्या काही वर्षांत तेवीस-चोवीस वर्षांचे असताना लागलेले कर्मचारी आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. १९९२ च्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेची पडताळणी मागणारं पत्र कुठल्याही दिवशी येऊ शकतं, आणि ती नोंद कुठल्या रजिस्टरात, कुठल्या खुणेने लिहिली आहे, हे त्यांनाच माहीत असतं. नव्या प्रणालीच्या वर्गात त्यांना ‘आता काय, दोन वर्षं राहिली’ म्हणून मागच्या बाकावर बसवतात. त्यांना पुढे बोलवावं, फळ्याशी उभं करावं, आणि जुनी नोंद कशी वाचायची हे नव्याने लागलेल्या पोरांना त्यांच्याकडून शिकवून घ्यावं. त्यासाठी निवृत्तीआधीचे सहा महिने पुरेसे आहेत, पण ते सहा महिने वेळापत्रकात आधी लिहिलेले असले पाहिजेत.