दावणीचा न्याय विमानातल्या माणसालाही

बैल ट्रकमधून बाजाराला न्यायचे झाले तर तुम्ही आधी काय पाहता? वैरण बरोबर घेतली का, वाटेत पाणी कुठे मिळेल, जनावरे दाटीने तर भरली नाहीत ना. आपल्याकडे जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८ साली झाले. अमेरिकेत तर असा कायदा १८७३ सालीच झाला. आगगाडीतली गुरे सलग २८ तासांहून जास्त कोंडून ठेवायची नाहीत. खाली उतरवून त्यांना चारा, पाणी आणि विसावा द्यायचा.

आता नवल पाहा. त्याच देशात, जमिनीवर अडकलेल्या विमानातल्या माणसासाठी असा नियम यायला २०१० साल उजाडले!

जानेवारी १९९९ मध्ये डेट्रॉईटच्या विमानतळावर हिमवादळात विमाने अडकली. काही उतारू आठ तासांहून अधिक काळ आत बसून होते. खाणेपिणे संपले, शौचालये तुंबली. १४ फेब्रुवारी २००७ रोजी न्यूयॉर्कला पुन्हा तोच प्रकार घडला. उतारूंनी एकजूट करून सरकारदरबारी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे नियम झाला.

तो असा. विमान थांबून राहिले तर दोन तासांच्या आत उतारूंना पाणी व काही खायला द्यायचे. शौचालय चालू हवे. कोणाची प्रकृती बिघडली तर उपचाराची सोय हवी. देशातल्या प्रवासात तीन तासांत आणि परदेशच्या प्रवासात चार तासांत उतरण्याची संधी द्यायची. सुरक्षिततेसारखी अडचण असेल तरच सवलत. २०११ पासून अमेरिकेच्या विमानतळांवरील परदेशी कंपन्यांच्या विमानांनाही हा नियम लागू झाला.

आपला याच्याशी काय संबंध, असे म्हणू नका. आज खेड्यातली आईही लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाते. माझ्या ओळखीच्या एक मधुमेही काकू अशाच परत येत होत्या. विमान तिथेच बराच वेळ खोळंबले. गोळीची वेळ टळली, घसा कोरडा पडला. पण "इंग्रजी येत नाही, कशाला कोणाला त्रास" म्हणून त्यांनी घोटभर पाणी मागितले नाही. घरी आल्यावर हे सांगताना त्या हसत होत्या. मला मात्र हसू आले नाही. अशाने माणूस जिवाला मुकतो.

आपल्या देशातही १५ ऑगस्ट २०१० पासून नियम लागू झाला: विमानाला ठरावीक मर्यादेबाहेर उशीर झाला, तर वेळेवर हजर झालेल्या उतारूंना कंपनीने खाणेपिणे द्यायचे.

तेव्हा घरातले वडीलधारे निघाले की गोळ्या हातातल्या पिशवीत द्या, आजाराचे नाव इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून द्या आणि बजावून सांगा, "पाणी मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे." तहान लागली की दावणीचे मुके जनावरही हंबरते. आपण तर बोलती माणसे आहोत.