माल दुसऱ्याच्या वखारींत, नांव आपलें

गेल्या वर्षीं पितृपक्षाच्या सुमारास आम्ही पुण्यांतील एका स्नेह्यांच्या घरीं गेलों होतों. घर चांगलें भरलेलें. सासूसासरे, दोघे मुलगे, दोघी सुना, नातवंडें. थोरल्या सूनबाई गेलीं कित्येक वर्षें भाजणी, मेतकूट, गोडा मसाला असे जिन्नस घरीं करून ऑनलाइन विकतात, आणि त्यांचा माल ठाणें-नाशिकापासून थेट बंगळूर-हैदराबादेंतील मराठी घरांपर्यंत जातो. त्या दिवशीं माजघरांत निराळाच वाद चालला होता. मसाला नेणारीं गिऱ्हाइकें पितळी समया, तांब्याचे घागर-गडवे, पराती अशीं भांडीं मिळतील काय, असें विचारूं लागलीं होतीं. चाळीस प्रकारचीं भांडीं भरावयाचीं तर दोन लक्ष रुपये पाहिजेत. आणि ते उभे करण्यासाठीं सासूबाईंनीं आपल्या पाटल्या काढून पाटावर ठेवल्या होत्या. धाकटे चिरंजीव म्हणत होते कीं, माल भरूंच नये, 'ड्रॉपशिपिंग' करावें. सासऱ्यांची सारी हयात सरकारी नोकरींत गेलेली, ते विचारीत होते, "जो माल आपल्यापाशीं नाहीं तो विकणें, याला व्यापार म्हणावें कीं थाप?"

प्रश्न सडेतोड होता. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं असें लहानसें ऑनलाइन दुकान आज चाललें आहे, आणि तें वाढवावयाचें म्हटलें कीं पाटल्यांचा प्रश्न तेथेंहि उभा राहतो. म्हणून त्या दिवशींच्या वादाचा विचार येथें थोडा विस्तारानें करीत आहों.

ड्रॉपशिपिंगची रीत समजण्यास अवघड नाहीं. दुकानदार मालाचें चित्र, वर्णन व किंमत आपल्या संकेतस्थळावर मांडतो. मागणी आली व पैसे जमा झाले म्हणजे तो ती मागणी घाऊक व्यापाऱ्यास अगर कारखानदारास कळवून त्यास घाऊक दर चुकता करतो. आणि तो व्यापारी आपल्या वखारींतून माल परस्पर गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर रवाना करतो. दोन किंमतींतील अंतर तें दुकानदाराचें. आधीं विक्री आणि मग खरेदी, असा हा उलटा क्रम आहे. आमच्याकडील जुन्या अडत्याची येथें आठवण होते खरी, परंतु अडत्या दुसऱ्याच्या वतीनें विकतो आणि हा स्वतःच्या नांवानें विकतो. वस्तु व सेवा कराचा कायदाहि असेंच मानतो. तिऱ्हाइताच्या सांगण्यावरून माल परस्पर पाठविला गेला, तरी तो त्या तिऱ्हाइतासच पोंचला असें धरण्यांत येतें. म्हणजे एका गांठोड्यामागें दोन विक्र्या, दोन बीजकें. माल हातीं आला नाहीं तरी तो आपला ठरतो, आणि त्यांत दोष निघाला तर तोहि आपला. सासऱ्यांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आम्हांस येथेंच सांपडतें.

या रीतीनें किती मोठा व्यवसाय उभा राहूं शकतो, आणि कोणत्या ठिकाणीं ती अपुरी पडते, हें पाहावयाचें तर अमेरिकेंतील 'झॅपोस' या पादत्राणांच्या दुकानाची हकीकत उपयोगी पडेल. १९९९ मध्यें निक स्विनमर्न या तरुणानें सॅन फ्रॅन्सिस्कोच्या परिसरांत हा उद्योग आरंभिला. जोड्यांचा सांठा करण्यास पैसा नव्हता. म्हणून त्यानें गांवांतील दुकानांत जाऊन जोड्यांचीं छायाचित्रें काढलीं, तीं इंटरनेटवर मांडलीं, आणि मागणी आली कीं त्याच दुकानांतून जोडा विकत घेऊन तो रवाना केला. इंटरनेटवर जोडे कोणी घेतें कीं नाहीं, हें पाहण्याचा याहून स्वस्त उपाय नसेल. पुढें टोनी शे यांच्या हातीं कारभार आला आणि कारखानदारांकडून परस्पर माल पाठविण्याचा क्रम कांहीं वर्षें चालला. परंतु जोड्यांच्या व्यापारांत एकाच नमुन्याचे कितीतरी आंकडे आणि रंग असतात. दुसऱ्याच्या वखारींत कोणता जोड शिल्लक आहे याची बिनचूक नोंद मिळत नसे. पैसे घेतलेल्या गिऱ्हाइकास 'माल संपला' असें कळविण्याचा प्रसंग वारंवार येई. अखेर २००३ मध्यें झॅपोसनें ही पद्धति सोडून दिली. त्या वेळीं एकूण उत्पन्नाचा सुमारें चौथा हिस्सा तीमधून येत होता! चालतें उत्पन्न असें हातानें तोडणें सोपें नसतें. २००९ मध्यें ॲमेझॉननें ही संस्था विकत घेतली ती, स्वतःच्या वखारींतून वेळेवर माल पोंचविणारी म्हणून तिचें नांव झाल्यानंतर.

याउलट उदाहरण 'वेफेअर'चें. भारतीय वंशाचे नीरज शहा आणि त्यांचे सहाध्यायी स्टीव्ह कोनाइन यांनीं २००२ मध्यें बोस्टन येथें घरगुती सामानाची ऑनलाइन विक्री सुरू केली. पलंग, कपाटें, कोच यांना वखारींत जागा किती लागते हें सांगावयास नकोच. असा माल तो घडविणाऱ्याच्याच आवारांत राहून तेथूनच गिऱ्हाइकाकडे जावा, हेंच सोईचें. त्यामुळें वेफेअरचा व्यवसाय प्रचंड झाला तरी बहुतेक माल पुरवठादारांच्याच मालकीचा राहिला. आमच्या इकडे २०१५ मध्यें बंगळुरास निघालेल्या 'मीशो'नें आरंभीं याच्याच एका भावंडाचा आश्रय केला होता. हजारों गृहिणी व्हॉट्सॲपवरून ओळखीच्यांना साड्यांचीं चित्रें दाखवीत, आपला नफा वर चढवून किंमत सांगत, आणि साडी पुरवठादाराकडून परस्पर जाई.

'भांडवलावांचून, घरबसल्या, महिन्याभरांत लक्षाधीश' अशा जाहिराती मोबाईलवर रोज दिसतात. त्यांतील पहिला शब्द तेवढा अर्धवट खरा आहे. परदेशांत चीनच्या 'अलीएक्सप्रेस'वरून परस्पर माल पाठविण्याचा धंदा फार बोकाळला. भारत सरकारनें त्या ॲपवर नोव्हेंबर २०२० मध्यें बंदी घातली, तेव्हां त्या वाटेचा मोह येथें कोणीं धरूं नये. शिवाय जुलै २०२० मध्यें जारी झालेल्या ई-कॉमर्सविषयक ग्राहक-संरक्षण नियमांप्रमाणें तक्रारीची पोंच अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते, निवारण एका महिन्यांत करावें लागतें, आणि सदोष अगर वर्णनाशीं न जुळणारा माल परत घेण्याचें नाकारतां येत नाहीं. परराज्यांत माल विकावयाचा तर, हस्तकलेच्या वस्तूंसारखे कांहीं अपवाद वगळतां, उलाढाल कितीहि लहान असली तरी कराची नोंदणी आवश्यक आहे. 'माल व्यापाऱ्याचा होता' हें उत्तर गिऱ्हाइकापुढें चालत नाहीं.

आतां थोडा हिशेब. त्या माजघरांत आम्हीं कागदावर मांडला तो असा. कर सोईसाठीं बाजूस ठेवला होता. समई विकावयाची १२०० रुपयांस. व्यापारी ती एकेक देणार ८५० रुपयांस. अंतर ३५०. त्यांतून पाठवणुकीचे ११०, वेष्टनाचे २०, ऑनलाइन पैसे घेण्याची हशील २४, जाहिरातीचे ८० वजा जातां हातीं उरतात ११६. एक समई परत आली, आणि व्यापाऱ्यानें ती निमूटपणें घेतली असें मानलें, तरी जाण्यायेण्याचे २२० आणि वरील बाकीचा खर्च मिळून ३४४ रुपये अंगावर पडतात. म्हणजे जवळजवळ तीन समयांवरील नफा एका परतीनें गिळला. तीच समई पन्नास एकदम घेतल्या तर ७०० रुपयांस पडे. नफा समईमागें दीडशें रुपयांनीं वाढे, पण ३५,००० रुपये एका जिन्नसांत अडकून बसत. सासरे बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होते. "म्हणजे आधीं कोणती समई खपते तें कळलें पाहिजे," ते म्हणाले. पाटल्या त्या संध्याकाळीं परत डब्यांत गेल्या.

नवरात्रांत सूनबाईंनीं एका भांड्यांच्या व्यापाऱ्याशीं बोलणें करून चाळीस प्रकार दुकानावर मांडले. पहिले तीन आठवडे सारें सुरळीत चाललें. मग दिवाळी आली. एकाच घाटाच्या समईस अकरा मागण्या आल्या, आणि व्यापाऱ्यापाशीं होत्या त्या समया त्यानें आपल्या दुकानांत आलेल्या गिऱ्हाइकांस रोखीनें विकून टाकल्या. हें त्यानें कळविलें भाऊबीजेच्या दोन दिवस आधीं. त्या अकरांपैकीं एक मागणी नागपूरच्या एका गृहस्थांची होती. बहिणीला ओवाळणी म्हणून त्यांनीं समई घेतली होती. दुसऱ्या एका पेटींत व्यापाऱ्याच्या माणसानें संवयीनें आपलेंच बीजक घातलें; भेट पाहणारांनीं ८५० चा आंकडा वाचला आणि देणारांनीं १२०० दिले होते. त्या बाईंनीं सूनबाईंना दोन ओळींचा निरोप पाठविला. त्यांत रागाचा शब्द नव्हता. "तुमची भाजणी आम्ही चार वर्षें नेत आहों" एवढेंच लिहून खालीं बीजकाचें चित्र जोडलें होतें. सूनबाई तें वाचून स्वयंपाकघरांत जाऊन बसल्या.

सूनबाईंनीं अकराहि जणांस त्याच दिवशीं स्वतः फोन केले आणि पैसे रात्रीच्या आंत परत धाडले. नागपूरच्या गृहस्थांसाठीं धाकट्या दिरानें पेठेंतून तसलीच समई मिळेल त्या किंमतींत आणून रवाना केली. ती भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशीं पोंचली. बीजक पाहिलेल्या बाईंना त्यांनीं किंमतींतील अंतर कशांत जातें तें सरळ लिहून कळविलें. त्यांची मसाल्याची मागणी मार्गशीर्षांत पुन्हां आली, पौषांत आली नाहीं, माघांत आली. घरांत या महिन्यांची गणना कोण करीत होतें, हें आम्हीं विचारलें नाहीं.

त्यानंतर व्यापाऱ्याशीं नवा ठराव झाला. रोज सायंकाळीं त्यानें शिल्लक मालाचा आंकडा कळवावयाचा. प्रत्येक प्रकाराचे दोन नग सूनबाईंच्या नांवें बाजूस ठेवावयाचे. पेटींत सूनबाईंचेंच बीजक, दुसरें चिटोरेंहि नाहीं. दुकानावर स्पष्ट लिहिलें गेलें कीं, भांडीं व्यापाऱ्याच्या वखारींतून निघतात व मसाल्याबरोबर एका पेटींत येत नाहींत. असें लिहिल्यानें गिऱ्हाईक बिचकेल अशी चिरंजीवांची भीति होती. आम्हांस मात्र तें प्रथमपासूनच लिहावयास हवें होतें असें वाटतें.

माघाअखेर हिशेब काढला तेव्हां चाळीसांपैकीं अवघे सहा प्रकार नियमानें खपत होते. उरलेले चौतीस पाटल्या मोडून भरले असते तर आज जिन्याखालीं काळे पडत बसले असते. त्या सहांचा माल सूनबाईंनीं नफ्याच्या पैशांतून थोडाथोडा घेऊन घरीं ठेवला आहे, आणि तो आतां मसाल्याच्याच पेटींतून जातो. बाकीचे व्यापाऱ्याकडूनच जातात, आणि दर दोन महिन्यांनीं त्यांतले न खपणारे काढून नवे मांडले जातात. नव्या प्रकाराचा एक नमुना मात्र आधीं विकत घेऊन घरीं आणावयाचा, असा सासूबाईंचा दंडक आहे. गेल्या महिन्यांत एक परात आली. त्यांनीं तींत कणीक भिजविली आणि कांठ हाताला लागतो म्हणून ती परत पाठविली. व्यापाऱ्यानें कांठ घासून दुसरी धाडली. ती गेल्या आठवड्यांत दुकानावर चढली.