अथेन्सच्या घागरी, ॲटलसची चढण

मराकेश : हे शहर वसले ते जमिनीखालून आणलेल्या पाण्यावर. अल्मोराविद राजवटीत, अकराव्या-बाराव्या शतकात, इथे 'खेत्तारा' खोदल्या गेल्या. डोंगराच्या बाजूला भूजल गाठायचे, तिथून हलक्या उताराचा बोगदा शहरापर्यंत न्यायचा आणि गाळ काढायला, हवा खेळायला वाटेत ठिकठिकाणी उभी विवरे ठेवायची. मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्या पायांनी चालत येते. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला हे फोड करून सांगायची गरज नाही. मलिक अंबरची नहर याच घराण्यातली. आफ्रिकेत जन्मलेल्या, निजामशाहीचा वजीर झालेल्या त्या हबशाने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, पाणी पाजले, ते असेच जमिनीच्या पोटातून. पाणचक्कीही अशाच एका नहरीवर फिरत आली.

पाण्याची एवढी जुनी विद्या जाणणाऱ्या मोरोक्कोच्या या मुलखातली एक गोष्ट २०११ साली पडद्यावर आली. डोंगरातले एक गाव. झरा वर, घरे खाली, मधली वाट दगडधोंड्यांची. पाणी बायकांनी आणायचे, हा रिवाज. दुष्काळाने शेती गेली, तशी पुरुषांची कामे गेली आणि ते बसून राहिले. बायकांचे काम मात्र दुष्काळाने वाढवले. ओझ्याखाली पाय घसरून गर्भ पडतात. अशाच एका पडण्यानंतर लैला नावाची सून हमामात जमलेल्या बायांपुढे प्रस्ताव ठेवते : गावात पाणी येईपर्यंत नवऱ्यांना जवळ येऊ द्यायचे नाही.

चित्रपटाचे नाव 'ला सुर्स दे फाम', म्हणजे 'बायकांचा झरा'. दिग्दर्शक रादू मिहायलेआनू बुखारेस्टमध्ये जन्मलेले, फ्रान्समध्ये स्थिरावलेले. त्या वर्षी कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तो होता.

कथेचे मूळ दोन ठिकाणी सापडते. एक मूळ अगदी अलीकडचे. दक्षिण तुर्कस्तानातल्या सिर्त या खेड्यात २००१ साली जुनी पाणीयोजना मोडली, बायका मैलोगणती पाणी वाहू लागल्या आणि शेवटी त्यांनी खरोखरच असा संप केला. पुरुष मुकाट्याने सरकारकडे पाइप मागायला गेले. दुसरे मूळ इसवी सनापूर्वी ४११ चे : ॲरिस्टोफेनिसचे 'लिसिस्ट्राटा'. अथेन्स आणि स्पार्टा यांचे युद्ध वीस वर्षे चिघळलेले. दोनच वर्षांपूर्वी सिसिलीच्या मोहिमेत अथेन्सचे आरमार बुडालेले. अशा वेळी एक बाई दोन्हीकडच्या बायकांना एकत्र करते आणि तह होईपर्यंत अंथरूण बंद करते. नाटक चावट आहे, कमरेखालचे आहे, आणि बायकांच्या भूमिकाही पुरुषच करत. गवळणीतली मावशी आणि वगातला सोंगाड्या पाहत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला त्यात परके वाटावे असे थोडेच.

स्पाइक ली यांनी २०१५ साली 'शाय-रॅक'मध्ये हेच नाटक शिकागोच्या टोळीयुद्धात नेले. तिथे संवाद पद्यात आहेत आणि सॅम्युअल एल. जॅक्सन सूत्रधार बनून थेट प्रेक्षकांशी बोलतो. मूळ नाटकाचा बाज त्यात जास्त टिकला, हे मान्य करावे लागेल. मिहायलेआनूंचा चित्रपट हसवतो कमी, रडवतो जास्त.

पण युद्धाच्या जागी पाणी ठेवले म्हणून त्यांनी मूळ नाटक मोडले, असे म्हणणाऱ्याने ते पुन्हा एकदा चाळावे. बायका अक्रोपोलिस ताब्यात घेतात, तिथला खजिना अडवतात. म्हातारे पुरुष निखारे आणि मोळ्या घेऊन त्यांना धुरी द्यायला चढतात. तेवढ्यात म्हाताऱ्या बायकांचा घोळका घागरी घेऊन धावत येतो. आणि येता येता त्या तक्रार कशाची करतात? पहाटेच्या अंधारात पाण्यावर केवढी गर्दी होती, कशी रेटारेटी, भांड्यांचा कसा खणखणाट, मोलकरणींचे कसे धक्के! ती घागर मग त्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर रिकामी होते. अथेन्समध्येही पाण्याच्या रांगेत बाईच उभी होती. ॲरिस्टोफेनिसने ती विनोदासाठी वापरली. मिहायलेआनूंनी तीच उचलून गोष्टीच्या मधोमध आणली.

संपाची किंमतही दोघांना ठाऊक आहे. 'मारले तर?' हा प्रश्न नाटकातल्या बायका शपथ घेण्याआधीच विचारतात. तिथे तो हशात विरतो. चित्रपटात काहींना मार बसतो आणि हसू येत नाही.

चित्रपटातल्या बायकांचे हत्यार आहे गाणे. पाहुणे पर्यटक समोर बसलेले असताना त्या सणाच्या गाण्यातच नवऱ्यांना टोमणे घालतात. पर्यटक टाळ्या वाजवतात, नवरे माना खाली घालतात. जे तोंडावर बोलता येत नाही ते सुरात घालून बोलायचे, ही युक्ती आपल्या जात्यापाशी शतकानुशतके चालली. योगायोग असा की त्या ओव्यांचा लाखभराचा साठा हेमा राईरकर यांच्यासोबत गोळा करणारे गी प्वातव्हँ मूळचे फ्रान्सचे.

गाण्यापाशीच चित्रपटाची एक खोटही आहे. पात्रे दारिजात, म्हणजे मोरोक्कोच्या बोली अरबीत बोलतात. मराकेशच्या दक्षिणेकडच्या ॲटलस डोंगरातल्या बायका घरात बोलतात ती अमाझिग, म्हणजे बर्बर, कुळातली ताशेलहित, आणि त्यांची सामूहिक गाणीही त्याच भाषेतली. जुलै २०११ मध्ये, म्हणजे कानच्या महोत्सवानंतर दोनच महिन्यांनी, मोरोक्कोच्या नव्या राज्यघटनेने अमाझिगला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. त्या वर्षी फेब्रुवारीपासून तरुण रस्त्यावर उतरले होते, त्याचे हे एक फळ. कलाकारही बाहेरचे : प्रमुख भूमिकांतली लैला बेख्ती फ्रेंच, बियूना अल्जीरियन, हियाम अब्बास पॅलेस्टिनी. अभिनय कसलेला, तरी गाव थोडे चित्रासारखे सजवलेले वाटते. टीकाकारांनी तेच म्हटले आणि ते चूक नव्हते.

मात्र लैलाचा प्रस्ताव इथे नुसता चावटपणा ठरत नाही, याचे कारण कायद्यात सापडते. मोरोक्कोच्या जुन्या कुटुंबकायद्यात नवऱ्याने पोसायचे आणि बायकोने आज्ञा पाळायची, असा व्यवहार लिहिलेला होता. २००४ च्या नव्या 'मुदव्वना'ने आज्ञापालनाचे कलम काढले, घराची जबाबदारी दोघांवर टाकली, मुलीचे लग्नाचे वय १८ केले. न्यायाधीशाच्या परवानगीने त्याआधी लग्न लावण्याची फट ठेवली आणि त्या फटीतून वरात सुखेनैव जात राहिली. चित्रपटातली लैला वाचायला शिकलेली आहे. इमामासमोर ती कुराणाचाच आधार घेऊन बोलते. कायदा राजधानी रबातमध्ये बदलतो, गावात तो कोणीतरी वाचून दाखवावा लागतो.

पाण्याचे सरकारी चित्र पडद्यावरच्यापेक्षा बरे आहे. १९९५ साली ग्रामीण पाणीपुरवठ्याची मोठी योजना सुरू झाली, तेव्हा खेड्यांतल्या १४ टक्क्यांच्या आसपास लोकांनाच शुद्ध पाण्याची सोय होती. पुढच्या दोन दशकांत हा आकडा ९० च्या वर गेला. बहुतेक ठिकाणी ती सोय म्हणजे गावातला सार्वजनिक नळ, घरातला नव्हे. तरीही जागतिक बँकेच्या प्रकल्पातल्या सहा प्रांतांत चार वर्षांत मुलींची शाळेतली हजेरी १६ टक्क्यांनी वाढली. हंडा सुटला की पाटी हाती येते, हा हिशेब मराठवाड्यातल्या कोणत्याही शिक्षिकेला तोंडपाठ असेल.

नळ आला म्हणून पाणी आलेच असे नाही, हेही संभाजीनगरकरांना पाठ आहे. उशाला नाथसागराचा जलाशय, २०२० साली भूमिपूजन झालेली १,६८० कोटींची योजना, तिचा पुढे फुगत गेलेला खर्च आणि घरोघरी एकच प्रश्न : या वेळी पाण्याचा गॅप किती दिवसांचा? मोरोक्कोत तर धरणेच आटली. जानेवारी २०२४ मध्ये कासाब्लांकासह काही शहरांत हमाम आठवड्यातले तीन दिवस बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. हमाम म्हणजे इथे नुसते न्हाणीघर नव्हे. घराबाहेर बायकांनी निवांत बसून बोलायची ती जागा. लैलाने संपाची गोष्ट काढली ती तिथेच. पुढच्या वर्षी राजाने बकरी ईदला मेंढा कापू नका, असे आवाहन केले, कारण दुष्काळाने कळप फार घटले होते.

दक्षिणेला सिदी इफ्नीजवळ बूत्मेझगिदा नावाचा डोंगर आहे. समुद्रावरचे धुके तिथे अडते, पाऊस मात्र फारसा पडत नाही. 'दार सी हमाद' या संस्थेने त्या डोंगरावर मोठमोठ्या जाळ्या उभ्या केल्या. धुके जाळीला थेंबाथेंबाने लागते, खाली टाकीत उतरते आणि पाइपातून खालच्या अमाझिग गावांत जाते. पूर्वी तिथल्या बायकांचे दिवसाचे कित्येक तास पाण्याच्या वाटेवर जात. नळ आले तेव्हा एक नवी अडचण उभी राहिली : पाण्याचा कारभार पुरुषांच्या हाती गेला. मग संस्थेने बायकांना मोबाइल वापरायला शिकवले. पाइप फुटला, पाणी कमी आले की आता त्या डोंगरावरच्या माणसाला संदेश पाठवतात.